इकडचा क्रमांक

मनुष्य परदेशीं राहूं लागला म्हणजे त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा नव्हे, फोनचा! इकडचें सिमकार्ड तिकडे वापरावें तर रोमिंगचा दर खिसा कापतो. तिकडचें घ्यावें तर इकडचा क्रमांक मुका पडतो. म्हणून शहाणे लोक एकाच फोनांत दोन्ही बाळगतात.

माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याची कचेरी, घरमालक, मित्र सारे तिकडच्या क्रमांकावर. आमच्याशीं बोलणें इंटरनेटवरून. इकडचा क्रमांक उरला तो बँकेच्या गुप्त अंकापुरता. ९० दिवस वापर झाला नाहीं तर कंपनी तो बंद करूं शकते, आणि पुढें तो एखाद्या परक्यालाहि मिळतो. म्हणून त्याचें रिचार्ज मी किनवटहून भरतों.

परवां तो म्हणाला, "बाबा, आतां तें राहूं द्या." त्याचें खरें आहे. २०२३ सालीं अमेरिकेसह दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिकडच्या क्रमांकावरून यूपीआयचे व्यवहार करण्याची मुभा देण्यांत आली.

आमचें किनवट सीमेकडचें गांव. पैनगंगेपलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगास तेलंगण. येथला माणूस कामाला आदिलाबादेस जातो, तेलुगु बोलतो आणि सांजेला मराठी घरीं परततो. परतणाराचें दार घरचे कडी न लावतां नुसतें लोटून ठेवतात.

मुलाला मीं एवढेंच सांगितलें, "बँकेचें काम तूं तिकडच्या क्रमांकावर खुशाल ने. हा क्रमांक माझ्या खर्चानें चालूं दे."