नाव एकीकडे, जागा दुसरीकडे

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं एक कपाट आहे. त्यांची सूची कोणालाही घरबसल्या पाहता यावी म्हणून वेबसाइट करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. वर्षभराच्या होस्टिंगचे पैसे भरताच ईमेल आला: सीपॅनेलचं (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलचं) यूजरनेम, पासवर्ड, आयपी अ‍ॅड्रेस, दोन नेमसर्व्हर. त्यांचं करायचं काय, याबद्दल एक ओळ नाही. ब्राउझरमध्ये आमच्या साइटचं नाव टाकलं, तर साइट सापडेचना.

हळूहळू उलगडा झाला. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे फाइल ठेवायची जागा. दोन्ही आपोआप जोडलेली नसतात. आमचं डोमेन आधीच दुसऱ्या कंपनीकडे नोंदवलेलं होतं. तिथल्या खात्यात ते दोन नेमसर्व्हर, म्हणजे नावाची जागा सांगणारे सर्व्हर, भरले, तेव्हा कुठे नावाला जागा मिळाली. तरी घरच्या वायफायवर काही दिसेना आणि मोबाइल डेटावर मात्र रिकामं पान उघडलं! मी चक्रावूनच गेले. झालं असं होतं, की नावावरून पत्ता शोधून देणारे इंटरनेट कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर आधी मिळालेलं उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात. ती मुदत सरेपर्यंत कोणाला नवं दिसतं, कोणाला जुनं. २४ ते ४८ तास थांबा म्हणतात, ते यासाठी.

मग सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरमध्ये सूचीचं पान चढवलं. पान उघडलं, पण त्यात मराठीचा मागमूस नाही. नुसती परकी चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ब्राउझर ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून दाखवत होता. पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८ची एक ओळ घातली आणि अंकांची नावं लख्ख दिसू लागली. त्या क्षणी फार आनंद झाला.

राहिला ब्राउझरचा 'नॉट सिक्युअर'चा इशारा. सीपॅनेलमधूनच लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सुरक्षा प्रमाणपत्र मिळालं. मुदत ९० दिवसांची, पण नूतनीकरण आपोआप होतं.

नाव कुठे नोंदवायचं, ते जागेकडे कसं वळवायचं, फाइल कुठे ठेवायच्या, प्रमाणपत्र कसं घ्यायचं, एवढा क्रम त्या पहिल्या ईमेलमध्येच सोप्या मराठीत दिला, तर गावोगावची वाचनालयं, शाळा, बचतगट आपली साइट आपणच उभी करतील. तूर्त तो मी वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवलाय. पुढच्या माणसाने तिथून सुरुवात करावी.