हवेतला बार

वरातीत बंदूक काढून हवेत बार उडवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं की वर गेलेली गोळी आभाळात राहत नाही. ती कुणाच्या तरी गच्चीवर, डोक्यावर उतरते.

उत्तर हिंदुस्थानात हा शौक जास्त. म्हणूनच 2019 मध्ये 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नात, समारंभात, धर्मस्थळी आनंदाचा गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला गोळी लागलीच पाहिजे, अशी अट नाही. ‘आमच्याकडे परवाना आहे’ हेही चालत नाही. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी हत्यार परजायलाच मनाई आहे, परवानाही जाऊ शकतो.

आपल्याकडे पोरं गावठी कट्टा घेऊन रील काढतात. पुरावा पोलिसांना शोधावा लागत नाही, चेहऱ्यासकट घरपोच मिळतो. मग आई वकिलाच्या दारात, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती केस पुन्हा समोर.

वर्गात मी हदीस सांगतो: मशिदीतून, बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोकं हातात धरावीत, कुणाला लागू नयेत म्हणून. बाण सोडायचा नव्हताच, नुसता न्यायचा होता, तरी एवढी काळजी! भावावर हत्यार रोखायचीही मनाई आहे.

“सर, रीलमधली नकली असते,” एक पोरगा म्हणाला.

“बघणाऱ्याला ते कसं कळणार?”

“कळू नये म्हणूनच तर काढतात ना, सर.”