माशी म्हणावी की गांडूळ?

गळ टाकणाऱ्यांच्या जगातही कर्मठांची वानवा नाही, हे आम्हांस न्यू मेक्सिकोतील सान हुआन नदीकाठी कळले. पिसे व दोरे गळावर गुंडाळून ट्राउटसाठी खोटी माशी बांधण्यात ज्यांची हयात गेली, ती मंडळी 'सान हुआन वर्म'ला माशी मानावयास तयार नाहीत. कृतीच इतकी साधी! लाल मखमली दोराचा इंचभर तुकडा गळाच्या दांडीवर मधोमध बांधावयाचा, टोके ज्योतीजवळ धरून निमुळती करावयाची. ज्योत अंमळ जवळ गेली की तुकडा आखडतो, एवढेच काय ते कौशल्य. मग शिशाच्या भाराने तळाशी उतरवून प्रवाहाबरोबर मोकळे वाहू द्यावयाचे. दोरीचा ताण बसला की मासा संशय घेतो.

नदीच्या गाळात असे कृमी खरोखरच असतात व पाणी वाढले की वाहून येतात. माशाने जे स्वीकारले ते नाकारणारे आपण कोण?

आमचे मन अडते ते अन्यत्र. १९६२ साली पूर्ण झालेल्या नावाहो धरणाच्या तळातून येणाऱ्या गार पाण्यामुळे येथे बाहेरून आणलेले ट्राउट फोफावले. त्याच गारव्याने कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर हे कोमट, गढूळ पाण्यातील मूळचे मासे धरणाखालच्या या पट्ट्यातून हटले. त्यांच्यासाठी कोणी वाद घातलेला त्या काठावर आमच्या कानी आला नाही.