‘नको’चंही चित्र हवं

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, “त्याला काय हवंय, ते आईला बरोबर कळतं हं!” पाहुणे कौतुकानं म्हणतात, आईलाही बरं वाटतं. मुलानं नुसतं ‘आ’ केलं की पाण्याचा पेला पुढे येतो. पण हीच आई चार दिवस माहेरी गेली किंवा आजारी पडली, तर? बाबा पाणी देतात, बिस्कीट देतात, टीव्ही लावतात आणि मूल रडतच राहतं. त्याचा कान ठणकतोय, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. “आमच्यानंतर याचं कसं होणार?” हा प्रश्न अशा आईबापांच्या उशाशीच असतो. त्याच्या उत्तराचा एक छोटासा तुकडा घरातल्या पुठ्ठ्यात, कात्रीत आणि चार चित्रांत सापडतो.

या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यामुळे जीभ-ओठांचे स्नायू सैल राहतात, पुष्कळांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, ऐकलेलं चटकन विसरतं. पण पाहिलेलं तुलनेनं चांगलं लक्षात राहतं आणि बोलण्यापेक्षा समज पुढे असते. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांनी १९८० पासून या गोष्टीचा अभ्यास केला. त्याला निमित्त झालं एका वडिलांचं. आपल्या लहानग्या मुलीला छापील शब्द दाखवून वाचायला शिकवल्याचं त्यांनी कळवलं होतं. जे कानांतून शिरत नाही, ते डोळ्यांतून शिरू शकतं, हे या बापानं घरातच ओळखलं होतं.

मात्र चित्र म्हणजे बाजारात मिळणारा कुठलाही रंगीत तक्ता नव्हे. तक्त्यावर काचेचा ग्लास असतो आणि घरात स्टीलचा पेला. तक्त्यावर पावाची लादी असते आणि ताटात भाकरी. मोठी माणसं मनातल्या मनात जुळवून घेतात, मुलाला ते जमेलच असं नाही. म्हणून सुरुवात त्याच्याच पेल्याच्या, त्याच्याच ताटाच्या फोटोनं करावी. पाठीमागे फुलाफुलांची चादर नको, साधा एकरंगी कपडा पुरे. यांतल्या अनेक मुलांची नजरही अधू असते, म्हणून चित्र मोठं आणि ठळक हवं. एका पत्त्यावर एकच वस्तू आणि खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव, नेहमी त्याच जागी. प्लास्टिकचं आवरण चढवलं की तेलकट हातांनी धरलं तरी पत्ता टिकतो. पत्ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत, आईच्या सोयीनं कपाटावर नव्हेत.

पहिल्या दिवशी दोनच पत्ते पुरेत. मुलानं चित्राला बोट लावलं की मोठ्यांनी तो शब्द स्पष्ट म्हणायचा आणि वस्तू लगेच द्यायची. आणि विचारल्यावर थांबायचं. मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहणं हा या साऱ्या खटाटोपातला सर्वांत अवघड भाग! आईच्या तोंडी उत्तर तयारच असतं ना.

आता मोबाइलवरही अशी साधनं मिळतात. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागानं तयार केलेलं ‘जेलो’ हे त्यांतलंच एक. चित्राला बोट लावलं की ते शब्द बोलून दाखवतं, तेही मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. बोलणं कठीण जाणाऱ्या मुलांसाठी ते आहे. पण मोबाइलची बॅटरी संपते, पुठ्ठ्याची नाही. दोन्ही हाताशी असलेली बरी.

“चित्रं दिली तर तो बोलायचाच नाही,” ही शंका बहुधा आजीच्या तोंडून येते आणि ती अगदीच गैर नाही. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात वेगळंच दिसलं. अशा साधनांमुळे कुणाचं बोलणं कमी झालं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. अर्थात कानांची तपासणी आणि वाचा-उपचार तज्ज्ञाचा सल्ला यांना पर्याय नाही.

बहुतेक घरांत पत्ते तयार होतात ते पाणी, दूध, शू, झोप, बाग यांचे. म्हणजे ज्यांनी मोठ्यांची सोय होते, ते. ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’ आणि मुख्य म्हणजे ‘नको’ हे पत्ते राहूनच जातात. नेहमी गोड हसणारं, सांगितलेलं ऐकणारं मूल सर्वांना आवडतं. पण ज्याला नकार देता येत नाही, त्याला कुणी चिमटा काढला, नको तिथे हात लावला, तरी ते सांगणार कसं? म्हणून ‘नको’चा पत्ता पहिल्या काही पत्त्यांतच असावा. मुलानं तो दाखवला, तर मोठ्यांनी तो मानावाही. रोजचं औषध टळणार नाही, हे खरं. पण दुसऱ्यांदा वाढलेली भाजी टळू शकते, पाहुण्यांच्या मांडीवर बसणं टळू शकतं.

ज्या दिवशी मूल ताटातली भाजी बाजूला सारून शांतपणे ‘नको’चा पत्ता उचलतं, त्या दिवशी आईला क्षणभर राग येईल. येऊ द्यावा. आईच्या मदतीवाचून, तिच्याच मनाविरुद्ध, ते स्वतःचं काहीतरी बोललेलं असतं.