ताईच्या पाठीतला रॉड

मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर गेला की आमच्या ताईला कुणी ना कुणी हमखास विचारतं, "बाई, पाठीतलं लोखंड तापत नाही का?" ताई शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर सविस्तर मिळतं. ते लोखंड नाही, स्टेनलेस स्टील आहे. आत असल्यामुळे त्याचं तापमान शरीराइतकंच राहतं. आणि दुखतं ते रॉडमुळे नाही. रॉड जिथे संपतो त्याच्या खालचे दोन सांधे दुखतात.

१९९० च्या आसपासची गोष्ट. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती. वेणी घालताना आईला तिचा एक खांदा वर दिसला. पुढे वाकायला सांगितलं तर उजवीकडच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर पट्टी आणि कोनमापक ठेवून बाक मोजला. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही रीत आजही तशीच वापरतात. १० अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. ताईचा कोन होता ६२. पन्नाशी ओलांडलेला बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो, म्हणून ऑपरेशन ठरलं. कारण मात्र सापडलं नाही. वयात येणाऱ्या बहुतेक मुलींच्या बाबतीत ते सापडत नाहीच. तरीही आजीने दप्तराला आणि पाण्याच्या गुंडीला दोष दिला आणि आईने तो स्वतःवर घेतला.

तिच्या पाठीत बसला तो हॅरिंग्टन रॉड. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी तो घडवला आणि १९६२ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. दातेरी सळई, दोन टोकांना दोन हुक. हुक मणक्यांत अडकवायचे आणि पाठ ताणून सरळ करायची. मग कमरेच्या हाडातून काढलेले बारीक तुकडे मणक्यांवर पसरायचे. ते जुळून मणक्यांचं एकच सलग हाड होतं. सळई फक्त तोपर्यंत आधार देते. हाड जुळलं नाही, तर कधी ना कधी सळई तुटते.

ताईचं हाड उत्तम जुळलं. त्यासाठी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालून तिने अख्खा उन्हाळा काढला. कूलरसमोर पालथी पडून ती फुटपट्टी आत सरकवायची आणि खाजवायची. घामाने प्लास्टरची कड भिजून मऊ पडायची, तिथली कातडी सोलायची. आई त्या कडेखाली जुन्या धोतराच्या घड्या घालून द्यायची.

पुढची पंचवीस वर्षं चांगली गेली. बी. एड., नोकरी, लग्न. मुलाच्या वेळी सिझर करावं लागलं तेव्हा भूलतज्ज्ञ अडले, कारण कमरेत सुई घालायची जागाच हाडाने बुजलेली. पूर्ण भूल द्यावी लागली. रॉड कुणाच्या आठवणीत आला तो तेवढ्यापुरता.

पण पाठ ताणून सरळ करताना कमरेचा नैसर्गिक खळगाही सपाट झाला होता. जुन्या रॉडचा हा ओळखीचा दोष. डॉक्टर त्याला फ्लॅटबॅक म्हणतात. खळगा गेला की धड पुढे झुकतं. तोल राखायला माणूस गुडघे वाकवून, मांड्या ताणून उभं राहतं. आणि ताईची पाठ कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत जोडलेली असल्याने वाकणं, वळणं, धक्के सगळं खालच्या दोन चकत्यांवर आलं. चाळिशीनंतर त्या झिजल्या आणि नसांची वाट अरुंद झाली.

ओळख पटली ती सायकलमुळे. शाळेपर्यंत चालताना ताईच्या पोटऱ्या जड व्हायच्या, मुंग्या यायच्या. पण मुलाची सायकल हातात धरून, हँडलवर किंचित रेलून चालली की तेवढंच अंतर सहज पार व्हायचं. पुढे झुकलं की नसांना जागा मिळते. नागपूरच्या फिजिओथेरपिस्टने हे ऐकलं आणि तिथेच अंदाज बांधला. त्याआधी एका दवाखान्यात वयाचं दुखणं म्हणून, दुसऱ्यात मनाचं म्हणून तिची बोळवण झाली होती.

तपासणीचीही वेगळीच कसरत. एमआरआयवाले विचारतात, धातू कोणता? ते लिहिलेला कागद कधीच वाळवीने खाल्लेला. एमआरआय झाला तरी स्टीलच्या आसपास चित्र काळवंडतं. पाठीचा तोल कळायला मानेपासून मांडीच्या खुब्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एकसंध एक्स-रे लागतो. ब्रह्मपुरीत दवाखाने भरपूर. वडसा, आरमोरीकडचे पेशंटसुद्धा इथेच येतात. पण या एका फोटोसाठी ताईला नागपूर गाठावं लागलं.

चंद्रपूर जिल्ह्यात पाठ दुखते म्हटलं की बाबा आमटे आठवणारच. त्यांचं दुखणं वेगळं होतं, मणक्यांच्या झिजेचं. पण बसणं त्यांनाही अशक्य होतं. उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. त्याच पाठीने सत्तरीत, १९८५ च्या डिसेंबरात, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. लोक ताईला त्यांच्या जिद्दीचा दाखला देतात. तिलाही बाबांबद्दल अपार आदर आहे. पण ती विचारते, त्या यात्रेत बाबांसाठी गाडीत झोपायची सोय केली होती ना? माझ्यासारखीला एसटीत पुढचं सीट मागितलं तर वाद का घालावा लागतो? मला हा प्रश्न फार रास्त वाटतो. सहन करणाऱ्याचं कौतुक आपण मनापासून करतो, खुर्ची मात्र आणून देत नाही.

घरात आम्ही आता सोयी केल्या आहेत. ओटा तिच्या उंचीचा केला, पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा आणला, संडासात कमोड बसवला. रोवण्याच्या दिवसांत ती धुऱ्यावर स्टूल टाकून पऱ्ह्यांच्या जुड्या मोजते आणि मजुरांचा हिशेब ठेवते. बांधीत उतरत नाही. झाडीपट्टीचं नाटक तिला पहाटेपर्यंत बघायचं असतं. त्यासाठी कडेच्या खुर्चीचं तिकीट काढायचं, म्हणजे मधेच उठून मागे उभं राहता येतं.

हल्ली ओळखीतल्या आया मुलींना घेऊन तिच्याकडे येतात. ताई आधी पाठीवरचा व्रण दाखवते. मग मोबाइलवर इंग्लंडच्या राजकन्या युजिनीचा फोटो. २००२ मध्ये बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालेल्या युजिनीने २०१८ च्या लग्नात पाठ उघडी राहील असाच पोशाख निवडला होता. ताई मुलींना हेही सांगते की आता मणक्यामणक्याला स्क्रू लावून खळगा राखता येतो, त्यामुळे माझं झालं तसंच तुझं होईल असं नाही. आणि ऑपरेशनच्या कागदांच्या तीन प्रती काढायला लावते.

तिच्यापुढे आता दुसरं ऑपरेशन आहे. त्यात एका मणक्यातून पाचरीसारखा तुकडा कापून खळगा परत आणतात आणि जोड थेट माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत नेतात. तासन् तास चालणारं, रक्त पुष्कळ जाणारं, नसांना धोका असलेलं काम. डॉक्टरांनी घाई केली नाही. मांड्यांचे आणि पोटाचे व्यायाम, हाडांच्या घनतेची तपासणी आणि दरवर्षी तोच लांब एक्स-रे, एवढं सांगितलं. यंदाचा दिवाळीनंतर काढायचा आहे. धड आणखी पुढे झुकलेलं दिसलं तर ऑपरेशन करायचं, असं तिने ठरवलं आहे; रजेचा अर्ज कसा लिहायचा, हेही शाळेत विचारून ठेवलं आहे.