चाप आणि चाती

१/ बंदूक अडते ती बहुधा एखाद्या लहान भागापाशी : चापातली कमान, एखादा खिळा, चिमटीत जेमतेम मावणारा एखादा तुकडा. तो तुकडा घरी बसून बदलण्याची मुभा कोणाला असावी? या प्रश्नाचा माग घेत गेले की वाट अखेर वर्धा जिल्ह्यात पोहोचते.

२/ अठराव्या शतकात चकमकीच्या बंदुकीचा प्रत्येक चाप कारागीर कानशीने घासून जुळवीत असे. एकाची कमान दुसऱ्यात बसेल याची खात्री नसे. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां याने सारखे सुटे भाग घडवून दाखवले. थॉमस जेफरसनने हाती येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले. ते नीट बसले.

३/ हिंदुस्थानात मात्र तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली. जळता तोडा रंजकीला टेकवायचा, एवढीच तिची युक्ती. भाग थोडे असल्याने पुष्कळदा गावच्या लोहारालाही तिची डागडुजी जमे.

४/ १८५७ च्या उठावानंतर सरकारला हीच गोष्ट सलू लागली. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. गांधींनीही या कायद्यावर कठोर टीका केली होती. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातील पाचव्या कलमानुसार शस्त्राच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागे सबळ कारण आहे.

५/ गांधींनी लोकांच्या हाती दिलेले साधन निराळे होते. १९३४ मध्ये ते वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांच्या बागेत मगनवाडी उभी राहिली. तेथील चरख्याचेही मर्म लहान भागांतच होते. सूत जिच्यावर गुंडाळले जाते ती चाती, चाकाची गती तिच्यापर्यंत नेणारी माळ, चातीला आधार देणारी टेकणे. चाती किंचित वाकली तरी ती थरथरते आणि धागा तुटत राहतो. ती सरळ करणे हा कातणाऱ्याच्याच कौशल्याचा भाग होता.

६/ त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत. यंत्र हलके, झोपडीत मावणारे, एका स्त्रीला आठ तास फार श्रम न होता चालवता येईल असे. आठ तासांत १६,००० फूट सूत. आयुष्य किमान वीस वर्षे. आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा.

७/ शेवटची अट साऱ्या योजनेचे मर्म सांगते. मोडल्यावर मालकाला परक्याच्या दारी बसवणारे यंत्र स्वावलंबन देत नाही, हा त्यामागचा विचार. प्रयत्न झाले, किर्लोस्करवाडीतही एक यंत्र तयार झाले. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. वेग वाढवावा तर भाग वाढतात, आणि भाग वाढले की घरची दुरुस्ती अवघड होते. पुढे दातेरी चाके व रूळ असलेल्या अंबर चरख्यालाही हा पेच सुटला नाही.

८/ १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली आणि कताई मुलांच्या शिक्षणाचा पाया बनली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय खुले झाले. तिथले चरखे पाहताना मोठ्या चाकाआधी चातीकडे नजर टाकावी.

९/ याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे विशाल दारूगोळा भांडार आहे आणि सेवाग्रामची कुटीही. एका साधनावर राज्याचा पहारा असावा, हे समाजाने मान्य केले आहे. दुसऱ्याची चाती कोणीही, आपल्या ओसरीवर बसून, कोणाला न विचारता बदलू शकतो. एखादे साधन खरोखर कोणाचे, हे त्याच्या खरेदीच्या पावतीवरून कळत नाही. ते बिघडल्यावर कळते.