कोपेश्वराच्या दारी

देवांनाही राग येतो, ही गोष्ट मला लहानपणापासून मोठी दिलाशाची वाटत आली आहे. ज्या घरात मी वाढलो, तिथे रागाला तोटा नव्हता. वडील रागावले की भरल्या पाटावरून उठत. आजी रागावली की जपमाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे, आणि आईचा राग स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून सगळ्या आळीला कळे. तेव्हा 'कोपेश्वर' असे उघड उघड नाव धारण करणारा एक देव आपल्यापासून दहा-बारा कोसांवर राहतो, हे ऐकले त्या दिवशी तो मला अगदी घरचाच वाटला.

आमचे घर विश्रामबागेतले. सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधोमध विसावलेली ही वस्ती. नावातच विश्रांती. आज तिथे रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचे नाव घ्यावे लागते. पण माझ्या लहानपणी विलिंग्डन कॉलेजच्या आसपास शेते होती आणि रात्री रेल्वेच्या शिटीखेरीज दुसरा आवाज नसे. अशा निवांत जागी राहून माणसे इतकी का रागावतात, याचे कोडे मला तेव्हाही पडत असे. पुढे मी स्वतः रागावू लागलो आणि ते कोडे आपोआप सुटले.

वडिलांनी मला खिद्रापूरला प्रथम नेले ते १९६३ साली, त्रिपुरी पौर्णिमेला. कुरुंदवाडपर्यंत एस.टी. आणि पुढे बैलगाडी. कृष्णाकाठचा तो उसाचा आणि काळ्या मातीचा मुलूख. गाडीत मी झोपलो होतो. वडिलांनी उठवले तेव्हा समोर काळ्या दगडाचे एक प्रचंड काहीतरी उभे होते. आत गेलो. भोवताली खांबच खांब. मी वर पाहिले आणि घाबरून म्हणालो, "आण्णा, छप्पर पडलंय!"

"पडलं नाही रे," वडील म्हणाले, "ठेवलंच नाही."

तोच तो स्वर्गमंडप. देवळाच्या पुढच्या अंगाला हा मंडप आहे. मागे सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा, सारे एका रेषेत. स्वर्गमंडपाच्या मधोमध छताला मोठे गोल उघडे तोंड आहे, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच एक गोल शिळा. वरच्या आकाशाची सावली खाली पडून तिचा दगड झाला असावा, असे वाटते. शिळेभोवती बारा खांब वर्तुळात उभे, आणि त्यांच्यामागे आणखी खांबांच्या ओळी. मंडपात एकूण अठ्ठेचाळीस. एकाच खांबावर खाली चौकोन, मध्ये अष्टकोन, वर वर्तुळ, अशी घडण. वर्तुळाकार भाग तर कातलेला वाटावा इतका गुळगुळीत. बेसाल्टसारखा कठीण दगड लोण्यासारखा कापणारे ते हात कुणाचे होते, कुणी लिहून ठेवले नाही.

छत उघडे का, याला गावात दोन उत्तरे मिळतात. कुणी म्हणते होमाचा धूर जायला. कुणी म्हणते चंद्र यायला. त्या रात्री मला दुसरेच उत्तर पटले. कार्तिकातला पूर्ण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येतो. वडिलांनी मला त्या शिळेच्या कडेला बसवले. चंद्र हळूहळू त्या गोलात आला, शिळा उजळली, आणि बाराही खांब जणू आपापल्या जागी एक पाऊल पुढे सरकले. शेजारी बसलेले वडील त्या दिवशी कुणावरही रागावले नव्हते, हेही मला आठवते.

परतताना त्यांनी कथा सांगितली. दक्ष प्रजापतीने यज्ञ मांडला. साऱ्या देवांना आमंत्रणे गेली. जावई तेवढा पसंत नव्हता, म्हणून शंकराला नाही. सतीला राहवेना. नंदीवर बसून ती एकटीच माहेरी गेली. तिथे नवऱ्याची निंदा ऐकून तिने स्वतःची आहुती दिली. मग शंकर कोपला. वीरभद्राने यज्ञाचा विध्वंस केला, दक्षाचे मस्तक उडवले. पुढे देवांनी विनवण्या केल्या, तेव्हा दक्षाला बोकडाचे डोके लावून जिवंत करण्यात आले. पण शंकराचा कोप काही जाईना. त्याची समजूत घालायला विष्णू येऊन त्याच्या शेजारी बसला. म्हणून खिद्रापूरच्या गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत: कोपलेला तो कोपेश्वर, आणि समजूत घालणारा तो धोपेश्वर. आणि शंकराच्या देवळात सगळीकडे असणारा नंदी इथे नाही. तो सतीला घेऊन गेला, तो तिकडेच राहिला. कृष्णाकाठीच, आता कर्नाटकात असलेल्या येडूर गावी, नंदी आहे आणि वीरभद्राचे मोठे देऊळही आहे.

पुढे कॉलेजात गेल्यावर मला या कथेतली हवा काढून घेणारी पुस्तके भेटली. कोप्पम् नावाच्या गावी १०५४ साली चालुक्य आणि चोळ यांची घनघोर लढाई झाली आणि चोळ राजा राजाधिराज हत्तीच्या पाठीवरच मारला गेला. ते कोप्पम् म्हणजे खिद्रापूर, असे काही अभ्यासक मानतात. मग कोप्पम्‌चा ईश्वर तो कोप्पेश्वर. रागाचा काही संबंध नाही! देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या अमलातले. त्यांचा पराभव करून यादव आले, आणि सिंघणदेव यादवाचा शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ चा, दानाचा शिलालेख देवळात आहे. मी ही माहिती मोठ्या ऐटीत वडिलांना ऐकवली. ते म्हणाले, "असेल. पण नंदी का नाही, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?" लिहिलेले नव्हते.

मग १९९६ साली मी माझ्या मुलीला तिथे नेले. ती आठ वर्षांची. तिला खांबांत रस नव्हता. तिला हत्ती हवे होते. देवळाच्या बाहेरून, पायाशी, हत्तींची एक रांग फिरते. साऱ्या मंदिराचा भार जणू त्यांनी पाठीवर घेतला आहे. प्रत्येकाचे दागिने वेगळे. कितीकांच्या सोंडा मात्र कुणीतरी फोडलेल्या. हत्ती ब्याण्णव, असे सांगतात. तिने बोट लावून मोजले. ते एकोणनव्वद भरले. पुन्हा मोजले, नव्वद. अंधार पडू लागला तशी मी तिला ओढून गाडीत घातले. "पुढच्या वेळी मोजू." वाटेत मी वडिलांची कथा तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "बोलावलं नव्हतं, तर सती गेली कशाला?"

"वेडे," मी म्हणालो, "माहेराला बोलावणं लागत नाही."

किती सहज बोलून गेलो! बापाची जीभ गोष्ट सांगताना फार उदार असते.

२०१७ साली तिने पुण्यात आपल्या पसंतीने लग्न केले. पत्रिका जुळत नव्हती. आडनावही जुळत नव्हते. मुलगा चांगला शिकलेला, निर्व्यसनी, हे मला ठाऊक होते. आणि ठाऊक होते म्हणूनच राग अधिक आला. दोष काढायला जागाच ठेवली नव्हती त्याने. मी लग्नाला गेलो नाही. आमची सौभाग्यवती गेली आणि परत येऊन, मी काही विचारीन म्हणून, आठ दिवस थांबली. मी विचारले नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. गावभागातली आमची तीन बिऱ्हाडे विश्रामबागेत आमच्या घरी आली. पोरेबाळे, म्हातारी माणसे, ओल्या वळकट्या. पाणी उतरू लागले आणि रस्ते मोकळे झाले, तशी एका दुपारी फाटकाशी गाडी थांबली. लेक आणि जावई. हातात औषधे, कपडे, पिण्याच्या पाण्याच्या पेट्या. सगळे घर तिच्याकडे धावले. मी व्हरांड्यात उभा होतो. वीस माणसांदेखत मी म्हणालो, "तुम्हाला बोलावलं कुणी?"

तिने पेट्या पायरीवर ठेवल्या. आईला भेटली, आजारी आत्याच्या हातात औषधे दिली, आणि चहासुद्धा न घेता दोघे निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. आईला फोन येत. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसे. एकच पान तासभर.

गेल्या मार्गशीर्षात सौभाग्यवती म्हणाली, "खिद्रापूरला जाऊन येऊ." दुपारची वेळ होती. मंडपात आम्ही दोघेच. वरच्या गोलातून ऊन शिळेवर पडले होते. मग गाभाऱ्याशी बसलो. समोर ती दोन लिंगे, अंधारात, एकमेकांच्या शेजारी. मला थट्टा सुचली. म्हणालो, "आपल्या घरातला कोपेश्वर मी, आणि शेजारी बसून समजूत घालणारी तू."

ती हसली नाही. म्हणाली, "कोपेश्वराचा राग सतीसाठी होता. लेकीवर रागावला तो दुसरा. त्याचं देऊळ नाही बांधलं कुणी."

गुरवाने आरतीची घंटा वाजवली म्हणून बरे. मला काही बोलावे लागले नाही. साठ वर्षे ही कथा मी ऐकत आलो, सांगत आलो. आणि इतक्या वर्षांत माझी जागा कैलासावर धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी आरशात जरा निरखूनच पाहिले. डोके अजून माणसाचेच होते.

पत्र लिहायला मला श्रावण उजाडला. राग सोडणे सोपे. तो सोडला हे सांगणे फार कठीण. फोनवर शब्द फुटला नसता, म्हणून आंतर्देशीय पत्र आणले. चार कागदांवर मसुदे केले आणि फाडले. शेवटी एवढेच लिहिले: "माहेराला बोलावणं लागत नाही, असं मी तुला एकदा सांगितलं होतं. ते मीच मोडलं. म्हणून आता बोलावतो आहे. दिवाळीला दोघं या."

पंधरा दिवस उत्तर नव्हते. मी दुपारी फाटकाशी उगाच झाडांना पाणी घालू लागलो. पावसाळ्यात. सौभाग्यवती पाहत होती, बोलली नाही. शेजारी बसून समजूत घालण्याची तिची हीच रीत.

मग पोस्टकार्ड आले. अक्षर तेच, शाळेतले, डावीकडे कललेले. "बाबा, दोघं येऊ. पण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू. हत्ती मोजायचे राहिलेत."

हे लिहितो आहे तेव्हा दिवाळीला बारा दिवस आहेत. ती आल्यावर व्हरांड्यात मी काय बोलणार, याचा विचार रोज पहाटे करतो आणि रोज बदलतो. आत चकलीची भाजणी दळून आली आहे; यंदा दुप्पट. जावयाला चकली आवडते की चिवडा, हे मला ठाऊक नाही. आठ वर्षांत हे विचारायचे राहून गेले. ते आता त्यालाच विचारीन. सुरुवातीला बोलायला तेवढे पुरेल, असे वाटते.